पाट्यावरचे टाके आणि तेलुगू बोलणारे पणजोबा

आजीचा पाटा-वरवंटा अजून घरात आहे? हात फिरवून बघा. ते बारीक टाके बहुधा एखाद्या वडाराने घातलेत.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास सगळा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. तो फोडणाऱ्या वडारांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी तेलुगू मुलखातून आले. 1948 पर्यंत हा भाग आणि तेलुगू मुलखाचा बराचसा भाग एकाच हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिथून येताना मधे राज्याची सीमाही नव्हती. जिथे विहीर, तलाव, रस्ता, रेल्वेचा भराव, तिथे पाल. काम संपलं की बिऱ्हाड पुढे! घरात तेलुगू वळणाची वडारी बोली, बाजारात मराठी.

यांच्यात कामावरूनच पोटभेद पडले. गाडी वडार खाणीतून दगड फोडून बुटक्या चाकांच्या गाड्यांवरून वाहायचे, माती वडार खोदकाम करायचे, जाते वडार जाती-पाटे घडवायचे. (मला सगळ्यात कौतुक गाडीचं. ती बुटकी का? अवजड दगड फार उचलावा लागू नये म्हणून. साधं, पण काय डोकं!)

हत्यारं म्हणजे घण, पहार, छिन्नी, सुतकी. अनुभवी माणूस दगडाची ‘नस’ ओळखून ओळीने छिन्न्या ठोकतो आणि कातळ सरळ रेषेत उकलतो. बायका खडी फोडत, पाट्या वाहत, अनेकदा तान्हं पोर शेजारच्या झोळीत.

आता क्रशर आले, मिक्सर आले. महाराष्ट्रात वडार आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. ‘पाट्याला टाकीऽऽ’ ही आरोळी तुमच्या गल्लीत शेवटची कधी ऐकलीत? कमेंटमध्ये लिहा, पाट्याचा फोटोही टाका.