हिवाळी धाव आणि चौविहाराचे घड्याळ

कार्तिकी पौर्णिमा झाली की चातुर्मास संपतो, साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि शत्रुंजयाची यात्रा खुली होते. अलीकडे याच सुमारास व्यापारी घरांतून आणखी एक वर्ग पहाटे बाहेर पडताना दिसतो. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारी ही मंडळी. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीने धावणे हा विषय क्रीडांगणातून उचलून दुकानदार, दलाल आणि सनदी लेखापालांच्या घरांत आणून ठेवला. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या आणि चाळिशीतच रक्तातील साखर मोजू लागणाऱ्या माणसाने सकाळी तासभर धावावे, याला कोणाची हरकत असणार?

हरकत नसली, तरी अडचण आहे. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. तिची तयारी साधारणतः सोळा ते अठरा आठवडे चालते. पर्युषण आटोपल्यावर आरंभ होतो आणि तीस-बत्तीस किलोमीटरच्या सर्वांत लांब धावा नेमक्या डिसेंबरात येतात. थंड हवेत शरीराची उष्णता सहज बाहेर पडते, म्हणून धावणाऱ्यांना हा ऋतू प्रिय. परंतु चौविहार आणि नवकारशी पाळणाऱ्यासाठी हीच वर्षातील सर्वांत लांब रात्र असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास आणि सूर्योदय सकाळी सातच्या सुमारास होतो. नवकारशी त्यानंतर ४८ मिनिटांनी. पावणेसहाला जेवून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी पावणेआठपर्यंत, म्हणजे चौदा तास, अन्न-पाण्याविना राहतो. छापील वेळापत्रके मात्र त्याला पहाटे पाचला लांब धावेस निघावयास सांगतात.

अन्नाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. रात्रभराच्या उपवासाने यकृतातील साखरेचा साठा बराच उतरतो, पण स्नायूंमधील साठा बहुतांशी शाबूत राहतो. निरोगी माणसाने रिकाम्या पोटी तासभर संथ धावावे, त्यात वावगे काही नाही. अडीच-तीन तासांची धाव ही वेगळी गोष्ट. खरी चिंता पाण्याची. थंडीत तहानेची जाणीव मंदावते, लघवीचे प्रमाण वाढते आणि कोरड्या हवेत घाम अंगावर न दिसताच उडून जातो. मे महिन्यात जो धोका घशाला लगेच कळतो, तो डिसेंबरात चक्कर येईपर्यंत कळत नाही.

यावर घरातील वडीलधारी मंडळी शत्रुंजयाचा दाखला देतात. चौविहार छठ करून, दोन दिवस पाण्याचा थेंबही न घेता, डोंगराच्या सात यात्रा करणारे श्रावक-श्राविका आजही आहेत. दाखला खरा आहे, आदरणीय आहे, पण येथे लागू पडत नाही. ती तपश्चर्या निर्जरेसाठी केलेली असते, क्वचित केली जाते आणि तिच्यानंतर पारणे व विश्रांती असते. लांब धाव दर रविवारी येते आणि सोमवारी दहाला दुकान उघडायचे असतेच. शिवाय शर्यतीच्या अखेरीस मिळते ते पदक. तपाच्या मापाने त्याची मोजदाद कशाला करावी?

दुसऱ्या टोकाचा प्रकार अधिक दुःखद आहे. मुलगा किंवा सून घरात नियम सांभाळते आणि रस्त्यावर अंधारात गुपचूप बाटली तोंडाला लावते. पच्चक्खाणाच्या सूत्रांत आगार सांगितलेले आहेत; विस्मरणाने घडलेले, अकस्मात घडलेले, गंभीर अस्वास्थ्यात करावे लागलेले यांना त्यांत जागा आहे. धावण्याची हौस त्यांपैकी कशातही बसत नाही. म्हणून चोरून पाणी पिण्यापेक्षा, त्या दिवसापुरता नियम कोणत्या स्वरूपात घ्यावा हे गुरुमहाराजांना आधीच विचारून, घरातल्यांना सांगून ठरवणे कितीतरी सरळ.

सरावाच्या काळात मात्र तडजोडीची गरजच फारशी पडत नाही. आठवड्यातील छोट्या धावा सूर्योदयाच्या आगेमागे तासाभरात उरकाव्यात. रविवारची लांब धाव नवकारशी पाळून, पाणी पिऊन, दोन खजूर खाऊन सव्वाआठला सुरू करावी. उशीर झाला म्हणून गटातले सोबती हसतील; हसू द्यावे. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो, त्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि वाहनांचा, शेकोट्यांचा धूर खालीच कोंडतो. ऊन चढू लागले की हे झाकण उठते. मुंबई-पुण्यात ज्या धूसर पहाटेला धुके समजून लोक खोल श्वास घेतात, तिच्यात पुष्कळसा धूरच असतो. नवकारशीची वेळ फुप्फुसांनाही मानवते, ती अशी. रविवारचे व्याख्यान मात्र काही आठवडे चुकेल, हे नुकसान मान्य करावे लागते.

शर्यतीच्या दिवशी ही सोय नाही. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचला सुटते. त्या दिवसांत मुंबईत सूर्योदय सव्वासातला, नवकारशी आठच्या पुढे. सात मिनिटांत एक किलोमीटर धावणारा माणूस तोपर्यंत पंचवीस किलोमीटर कापून गेलेला असतो आणि मुंबईची जानेवारी काही थंड नव्हे. एवढे अंतर पाण्याविना धावणे शहाणपणाचे नाही, मग श्रद्धा कितीही दृढ असो. नियम अबाधित ठेवायचा असेल, तर छोट्या अंतरावर समाधान मानावे किंवा उशिरा सुटणारी शर्यत निवडावी. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांची स्थिती याबाबतीत बरी आहे. लंडनची मॅरेथॉन एप्रिलात असते. तेथे तेव्हा सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि बहुसंख्य धावपटू साडेनऊनंतर निघतात. तिच्या तयारीतला डिसेंबर मात्र कठीण, कारण सूर्य चारच्या आतच मावळतो आणि चौविहार करणाऱ्याला सायंकाळचे जेवण कचेरीतच उरकावे लागते.

आहाराच्या बाबतीत हिवाळा उदार आहे. फागण चौमासीनंतर अनेक घरांत सुकामेवा, तीळ आणि पालेभाजी आठ महिने बंद होतात. तयारीचे महिने नेमके त्यांच्या मोकळीकीत येतात. खजूर, मनुका, तिळाची चिक्की, बाजरीची भाकरी, मेथी यांत धावणाऱ्याला लागणारे बरेच काही आहे. परदेशी पुस्तके उकडलेले बटाटे आणि बिटाचा रस सुचवतात. त्यांच्या जागी भात, कच्च्या केळ्याची भाजी आणि मुगाची खिचडी तितकेच काम करतात. बाजारातील तयार जेलच्या पुडीवरील मजकूर मात्र भिंग लावून वाचावा. काहींत मध असतो आणि चघळायच्या गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन. उकळलेल्या पाण्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहरांचा, त्यामुळे सकाळी घरून भरून नेलेली बाटली धाव संपेपर्यंत निर्धास्त चालते. तीत चिमूटभर मीठ आणि साखर घातली की पुरे.

शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत न्यायचे असते. संक्रांत शर्यतीच्या काही दिवस अलीकडे-पलीकडे येते, तेव्हा तीळगुळाला नाही म्हणू नये. अखेरच्या दोन दिवसांत भाताचे प्रमाण वाढवावे, तळलेले टाळावे आणि नवा पदार्थ मुळीच खाऊ नये. शनिवारी दुकानातून चारलाच उठावे. मुंबईत त्या दिवशी सूर्यास्त सव्वासहाच्या थोडा पुढे असतो, आणि धावणाऱ्याचे जेवण त्याआधी, घाई न करता, पोटभर व्हायला हवे. हे घरातल्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवलेले बरे, कारण लग्नसराईतल्या शनिवारी दुकानात गिऱ्हाईक नेमके पाचलाच येते.