वर्ध्याचं युनिट, नागपूरचं युनिट

"नागपूरला लाइट स्वस्त आहे, आमच्या वर्ध्यातच लुटतात." लग्नकार्यात पाहुणे जमले आणि उन्हाळा असला की हे वाक्य हमखास येतं. नागपूरचा पाहुणाही मागे हटत नाही. त्याच्या मते वर्ध्याचं बिल कमी येतं. दोघंही आपापलं बिल डोळ्यांसमोर ठेवून बोलतात, त्यामुळे खोटं कोणीच बोलत नाही. चूक प्रश्नात आहे.

सेलू ओलांडून बुटीबोरीमार्गे नागपुरात पोचलात, तरी वीज कंपनी बदलत नाही. जून 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचे तुकडे झाले आणि वितरण महावितरणकडे आलं. जुनी माणसं अजूनही तिला 'बोर्ड'च म्हणतात. तिचे दर मुंबईतला महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि घरगुती ग्राहकासाठी ते आर्वी, हिंगणघाट, नागपूर, नाशिक सगळीकडे सारखेच असतात. फरक आहे तो किरकोळ. महापालिका हद्दीत स्थिर आकार काही रुपयांनी जास्त लागतो. वर्धा जिल्ह्यात महापालिकाच नाही, सगळ्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती. म्हणजे स्वस्त-महागाचा निवाडाच करायचा झाला तर तो वर्ध्याच्या बाजूने लागेल.

या गैरसमजाला एक जुनं कारण आहे. 2011 पासून सप्टेंबर 2019 पर्यंत नागपूरच्या सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग विभागांचं काम एसएनडीएल या खासगी फ्रँचायझीकडे होतं. बिलावर वेगळं नाव दिसायचं, मीटर बदलणारी माणसं वेगळी असायची, म्हणून दरही वेगळा असणार असं लोकांनी धरून चाललं. पण फ्रँचायझी महावितरणच्या वतीने वीज वाटते आणि बिल वसूल करते. दर ठरवायचा अधिकार तिला नसतो. त्या आठ वर्षांत महालातला आणि वर्ध्याच्या रामनगरातला ग्राहक एकाच दरपत्रकाने पैसे भरत होता.

मग बिलं इतकी वेगळी का? कारण "तुमच्याकडे युनिट कितीला?" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. 2024-25 चं दरपत्रक घ्या. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटना 5 रुपये 88 पैसे, 101 ते 300 पर्यंत 11 रुपये 46 पैसे, पुढे 500 पर्यंत 15 रुपये 72 पैसे, त्यावर 17 रुपये 81 पैसे. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना दर जवळजवळ दुप्पट होतो. दर पुढे बदलत राहतात, पण पायऱ्यांचं गणित तेच.

आता वर्ध्याचा मे महिना आणा. फेब्रुवारीत एका घराचा वापर 90 युनिट आहे. कूलर लागला. 200 वॉटचा कूलर दिवसाला 15 तास चालला तर 3 युनिट, महिन्याचे 90. वापर झाला 180. फेब्रुवारीचं बिल असं: 529 रुपये 20 पैसे, त्यात सिंगल फेजचा स्थिर आकार 128, आणि सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे 762 रुपये. मेमध्ये पहिले 100 युनिट 588 रुपयांचे आणि वरचे 80 युनिट 916 रुपये 80 पैशांचे. स्थिर आकार आणि शुल्क धरून 1,894 रुपये. युनिट दुप्पट, बिल अडीचपट. इंधन समायोजन आकार लागला तर तो आणखी वेगळा. सरासरी काढली तर फेब्रुवारीत युनिट साडेआठ रुपयांना पडलं आणि मेमध्ये साडेदहाला. कंपनी तीच, घर तेच, मीटरही तेच! लग्नातले दोन पाहुणे भांडतात ते याच दोन आकड्यांवर.

"100 च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं" हाही पक्का समज आहे, आणि तो चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. 101 वं युनिट शुल्कासह 13 रुपये 29 पैशांना पडतं, बस. रीडिंगवाला उशिरा आला म्हणून स्लॅब चढला, ही तक्रारही नेहमीची. जितक्या दिवसांचं बिल, त्या प्रमाणात स्लॅबची मर्यादा वाढवून धरली जाते. जून 2020 मध्ये लॉकडाऊननंतर तीन-तीन महिन्यांची बिलं एकदम आली तेव्हा राज्यभर ओरड झाली. त्या बिलांतही स्लॅबचा लाभ महिन्यागणिक दिलेला होता. पण त्याच वर्षी एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते, आणि उन्हाळाभर सगळं कुटुंब घरात होतं. आकडा मोठा दिसला तो त्यामुळे. तरी रीडिंग चुकीचं असू शकतं, म्हणून बिलावरचं रीडिंग आणि मीटरचा आकडा ताडून पाहावाच.

राज्याच्या सीमेपलीकडे पांढुर्ण्याला नातलग असलेल्यांची गोष्ट निराळी. तिथली मंडळी "आमचं बिल 100 रुपये" म्हणतात ते खरं असू शकतं. मध्य प्रदेशात 2019 मध्ये इंदिरा गृह ज्योती नावाने सुरू झालेल्या योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असला तर पहिल्या 100 युनिटचे 100 रुपयेच घेतात. यवतमाळ-चंद्रपूरपलीकडे तेलंगणात पात्र कुटुंबांना मार्च 2024 पासून 200 युनिटपर्यंत वीज फुकट आहे. याचा अर्थ तिथली वीज स्वस्त बनते असा नाही. उरलेले पैसे राज्य सरकार वितरण कंपनीला देतं, म्हणजे ते बिलातून न जाता करातून जातात. गंमत अशी, की वर्ध्यात 101 व्या युनिटची जी भीती खोटी आहे, ती पांढुर्ण्यात 151 व्या युनिटला खरी ठरते. मर्यादा ओलांडली की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते.

"कोळसा आमचा, धूर आमचा, मग वीज आम्हाला स्वस्त का नाही?" हा प्रश्न मात्र गैरसमज म्हणून झटकून टाकता येत नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख विदर्भच झेलतो. वर्ध्याजवळच्या पॉवर ग्रिडच्या उपकेंद्रातून 765 केव्हीच्या वाहिन्या देशभर वीज नेतात. पण जवळ वीज तयार होते म्हणून तिथल्या घराला कमी दर, असा नियम सध्याच्या दररचनेत नाही. विदर्भाला सवलत मिळते असं जे ऐकू येतं, ती 2016 मध्ये उद्योगांसाठी सुरू झालेली सवलत. घरगुती मीटरशी तिचा संबंध नाही.

कंपन्यांची खरी तुलना मुंबईतच करता येते. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा. प्रत्येकीचे दर आयोग वेगळे ठरवतो, आणि उपनगरांतला ग्राहक कंपनी बदलूही शकतो. मात्र मुलुंड-भांडुपकडे महावितरणही आहे. तुमचा भाचा तिथे महावितरणचा ग्राहक असेल, तर तो वर्ध्याच्याच दरपत्रकाने बिल भरतोय. भाचा अंधेरीत असेल तर दोघांनी एकाच महिन्याची बिलं काढावी, समान युनिट धरून स्थिर, वीज, वहन आणि इंधन समायोजन हे चारही आकार बेरजेत घ्यावेत, आणि बेरजेला युनिटने भागावं. नुसता वीज आकार पाहून निकाल दिला तर तो बहुधा चुकतो, कारण एखाद्या कंपनीचा वीज आकार कमी आणि वहन आकार जास्त असू शकतो.