खुणा पुसलेले भाग ओळखायचे कसे?

प्रयोगशाळेच्या कपाटात कधी कधी एखादा जुना व्हॅक्यूम ट्यूब व्होल्टमीटर सापडतो. मीटर चालतो, पण त्याचा रेडिओ वारंवारतेचा प्रोब मोडलेला असतो. प्रोब उघडला की आत तीनच भाग दिसतात : कपॅसिटर, डायोड आणि रेझिस्टर. तिघांवरच्याही खुणा पुसलेल्या! तसाच प्रोब पुन्हा बनवायचा, तर हे भाग ओळखायचे कसे?

आधी प्रत्येकाचे काम पाहू. प्रोबच्या टोकाचे एसी व्होल्टेज कपॅसिटरमधून आत येते. डायोड तेथून अर्थला जोडलेला असतो व एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. म्हणून कपॅसिटर शिखरमूल्याइतका भारित होतो. हे डीसी व्होल्टेज रेझिस्टरमधून मीटरकडे जाते.

आता रेझिस्टर घेऊ. मीटरने आरएमएस मूल्य, म्हणजे शिखरमूल्याच्या ०.७०७ पट, दाखवायला हवे. हीथकिट व्ही-७ए सारख्या मीटरचा रोध, डीसी प्रोबमधला १ मेगओहम धरून, ११ मेगओहम असतो. आपला प्रोब त्याच्या पुढे बसतो. म्हणजे ११ ÷ (११ + रोध) = ०.७०७. यावरून रोध ४.५६ मेगओहम येतो. बाजारात मिळणारे जवळचे मूल्य ४.७.

पण जुना रेझिस्टर मोजल्यावर ५.६ मेगओहम आले तर? जुन्या कार्बन रेझिस्टरचा रोध वयाने व दमटपणाने वाढतो. ५.६ हेही बाजारात मिळते, म्हणून फसगत सहज होते. तो बसवला तर १० व्होल्टला मीटर सुमारे ९.४ दाखवील, ४.७ बसवला तर ९.९. (मोजताना दोन्ही टोके बोटांनी धरू नका, शरीराचा रोध समांतर जोडला जातो.)

डायोडसाठी मल्टिमीटरची डायोड चाचणी पुरते. ०.२ ते ०.३ व्होल्ट आले तर तो बहुधा जर्मेनियमचा, ०.६ च्या आसपास आले तर सिलिकॉनचा. काचेतून केसासारखी बारीक तार टेकलेली दिसली, तर तो बिंदुस्पर्शी डायोड. सिल्व्हेनियाचा १९४६ चा १एन३४ याच जातीचा. त्याच्या जागी सिलिकॉन डायोड लावला, तर अर्ध्या व्होल्टचा संकेत जवळजवळ दिसणारच नाही. डाग देताना तार पकडीने धरावी. जर्मेनियम उष्णतेने बिघडतो.

कपॅसिटरसाठी ट्रान्सफॉर्मरचे ६ व्होल्ट, ५० हर्ट्झ घ्या. थेट मुख्य वीज कधीही नको. कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर एकसरीत जोडा. रेझिस्टरवर १.८ व्होल्ट मिळाले असे समजू. ६ ÷ १.८ = ३.३३. त्याचा वर्ग ११.१, त्यातून १ वजा करून वर्गमूळ ३.१८. म्हणजे कपॅसिटरचा एसी रोध ३१८ किलोओहम आणि धारिता ०.०१ मायक्रोफॅरड.

मात्र एक गोष्ट या चाचणीत कळत नाही : कपॅसिटर किती व्होल्ट सोसेल? ट्यूबच्या परिपथात २००-३०० व्होल्ट डीसी असू शकते. ते अडवण्याचे कामही त्याचेच. तो फुटला तर मीटर व माणूस दोघांनाही धोका. म्हणून येथे जुना भाग न वापरता ५०० व्होल्टचा नवा घ्यावा.

विद्यार्थ्यांना यातून एक फरक दाखवता येईल. मोजमाप सांगते, हा भाग आज कसा आहे. तो कसा असायला हवा, हे परिपथच सांगतो. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर आधी कारण शोधावे, मगच डाग द्यावा.