चिंचोके, दट्टे आणि बालबुद्धी

लहान मूल खेळात रमले की ते वेळ दवडीत आहे, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटू लागते. आमच्या कडगंचीच्या परिसरात हा समज विशेष दृढ आहे. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि भावी उत्कर्षासाठी इंग्रजी, अशा तीन भाषांचा भार ज्याच्यावर पडावयाचा, त्या चार वर्षांच्या बालकाने पाटी भरून अक्षरे गिरवावीत, अशी पालकांची अपेक्षा असते. "गुरुजी, पोराला शाळेत धाडायचं ते खेळायला का हो?" असे मला वरचेवर विचारले जाते. मी 'होय' म्हणतो, तो त्यांना विनोद वाटतो.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह सुरू केले. त्यांच्या साधनांत एक लाकडी ठोकळा आहे. त्यातील लहानमोठ्या भोकांत त्या त्या मापाचे दट्टे बसवावयाचे. बारीक दट्टा मोठ्या भोकात गेला, तर अखेरीस एक जाड दट्टा हातात उरतो आणि त्याला जागाच मिळत नाही. चूक झाली हे बाईंना सांगावे लागत नाही, लाकूडच सांगते. मूल थबकते, सारे दट्टे उपसते आणि नव्याने मांडू लागते. अडचण कोठे आहे हे हुडकणे, एक तोडगा योजणे, तो फसल्यास दुसरा योजणे, ही बुद्धीची सारी कसरत त्या पाच-दहा मिनिटांत घडते, आणि तीही कोणाच्या धाकावाचून.

अशी साधने खेड्यातील शाळांना कोठून परवडणार? या प्रश्नाचे उत्तर कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांनी प्रत्यक्ष कामातून दिले. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी बालशिक्षण उभे केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. बिया, शिंपले, खडे, पाने हीच तेथील साधनसामग्री ठरली.

आपल्याकडेही ही संपत्ती कमी नाही. कानडी शेजाऱ्यांच्या घरी 'अळगुळी मणे' असते: सात-सात खळग्यांच्या दोन ओळींचा पाट. पाट नसला तर अंगणात खळगे उकरावेत आणि चिंचोके घ्यावेत. एका खळग्यातील चिंचोके उचलून पुढे एकेक टाकीत जावयाचे. सहा-सात वर्षांचे मूल प्रारंभी मिळेल तो खळगा रिकामा करते. काही दिवसांनी त्याचा हात अधांतरी थांबतो. शेवटचा चिंचोका कोठे पडेल, हे ते मनातल्या मनात मोजू लागते. मला तो थांबलेला हात पाढ्यांहून मोलाचा वाटतो. (पाढेही हवेतच; गैरसमज नसावा.) २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे.

या मार्गातील खरा अडथळा आपली घाई आहे. मूल अडखळले की आपण "असं नव्हे, असं" म्हणून हात पुढे करतो, आणि कोडे त्याच्याऐवजी आपणच सोडवितो.

घरी करून पाहण्याजोगे आहे. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातील सात-आठ डबे रिकामे करून त्यांची झाकणे मिसळावीत आणि तीन वर्षांच्या नातवासमोर ठेवावीत. तो लहान झाकण मोठ्या डब्यात टाकील, उलटे दाबील, आपटील. तोवर आजीने तोंडाला पदर लावून बसावे.