अभ्यासाला बसायचं कसं? हिफ्जची जुनी पद्धत शाळेच्या अभ्यासालाही उपयोगी

परीक्षा जवळ आली की घराघरात एकच संवाद ऐकू येतो. अम्मी म्हणते, "अरे, बस की अभ्यासाला." पोरगा म्हणतो, "बसतो ना, पाच मिनिटांत." ती पाच मिनिटं इशापर्यंत संपत नाहीत. मग आपण मुलाला आळशी ठरवतो आणि दोष मोबाइलवर ढकलतो. खरं तर बहुतेक मुलांना अभ्यास जमत नाही असं नसतं. त्यांना तो सुरू करणं जमत नाही.

किल्लारी आणि आसपासच्या गावांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इथून सुमारे 40 किलोमीटरवर लातूर आहे. 'लातूर पॅटर्न'चं नाव राज्यभर आहे. ज्यांना परवडतं ते मुलांना तिथं ठेवतात. फी, खोलीभाडं आणि मेसचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांना वाटतं की आपल्या लेकरांचा रस्ताच बंद झाला. पण त्या पॅटर्नचा गाभा काय आहे? तोच अभ्यासक्रम पुन्हा पुन्हा करायचा आणि पुन्हा पुन्हा सराव परीक्षा द्यायची. एवढं घरीही करता येतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, उर्दू माध्यमाचीसुद्धा, संकेतस्थळावर मोफत मिळतात. कमी पडते ती सवय.

सबक, सबकी, मंजिल

ही सवय आपल्याला नवी नाही. आपल्या मदरशांत हिफ्ज करणारी मुलं रोज तीन कामं करतात. आजचा नवा धडा म्हणजे सबक. गेल्या काही दिवसांत पाठ केलेलं पुन्हा ऐकवणं म्हणजे सबकी. आणि जुन्या पाऱ्यांची उजळणी म्हणजे मंजिल. नवा सबक थोडाच असतो, पण उजळणी चुकत नाही. म्हणूनच एवढा मोठा ग्रंथ लहान मुलांच्या स्मरणात राहतो.

हीच विभागणी विज्ञानाला आणि इतिहासाला लावून पाहा. एक तास मिळाला तर 25 मिनिटं नवा भाग, 20 मिनिटं या आठवड्यात झालेला भाग आणि 15 मिनिटं जुन्या धड्यांतले प्रश्न.

हाफिज मुलगा सबक नुसता वाचत नाही, उस्तादांना न बघता ऐकवतो. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. धडा चार वेळा वाचून "झाला" म्हणण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक मिटा आणि आठवेल ते वहीत लिहा.

सुरुवात कशी करायची?

पहिली गोष्ट, काम छोटं आणि नेमकं ठरवा. "आज गणित करायचं" म्हटलं की मन पळतं. "या प्रकरणातली दोन उदाहरणं सोडवायची" म्हटलं की हात वहीकडे जातो. दोन झाली की बहुतेक वेळा तिसरं आपोआप होतं. नाही झालं तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट, अभ्यास नमाजला जोडा. 'कधी आणि कुठे' आधीच ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता जास्त असते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलं आहे. आपल्याकडे दिवसाचे पाच टप्पे ठरलेलेच आहेत. मगरिब झाली की जानमाज घडी करायची आणि वही उघडायची. मगरिबची वेळ हिवाळ्यात सहाच्या आसपास असते, उन्हाळ्यात सातच्या आसपास. घड्याळ बदललं तरी क्रम तोच राहतो. रमजानमध्ये हाच अभ्यास फजरनंतर ठेवता येईल.

तिसरी गोष्ट, जागा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं. तेव्हा घरं जमिनीच्या प्रमाणात मिळाली. भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांच्या वाट्याला 250 चौरस फुटांचं घर आलं. एवढ्या जागेत स्वयंपाक, पाहुणे आणि टीव्ही सगळं असताना वेगळी खोली कुठून आणायची? पण एक कोपरा आणि एक तास ठरवता येतो. तेवढा वेळ टीव्ही बंद आणि मोबाइल अब्बांकडे. मकतबची खोली संध्याकाळी रिकामी असेल, तर मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसांनी ती मुलांना उघडून द्यावी.

आई-वडिलांचं काम

ठरलेल्या तासात मुलाला दुकानावर पिटाळू नका आणि मुलीला भांड्यांना उठवू नका. मुलीचा अभ्यास बहुतेक घरांत कामं उरकल्यावर सुरू होतो आणि तोवर तिच्या डोळ्यांवर झोप असते. भावाला जो तास मिळतो, तोच तिलाही मिळाला पाहिजे.

"किती वेळ बसलास?" असं विचारू नका. "आज काय शिकलास, सांग बरं," असं म्हणा. अम्मीला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल. मूल बघून वाचतंय की मनातून सांगतंय, कुठं अडखळतंय, हे तिला बरोबर कळतं.

'इक्रा'चा, म्हणजे 'वाच' या पहिल्या आदेशाचा दाखला आपण प्रत्येक जलशात देतो. तो घरात उतरवायचा तर सातत्य लागतं. थोडं असलं तरी नेमानं केलेलं काम अल्लाहला जास्त प्रिय असतं, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहे. लंडनमधल्या 2010 च्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला कमी लागले, कुणाला बरेच जास्त. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा एक दिवस बुडाला म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर पुन्हा बसा.

सुरुवात आजच करा. दोनच उदाहरणं, पण आजच. इन्शाअल्लाह, बाकीची वाट पुढे दिसत जाईल.