पंचनाम्यात न बसणारे नुकसान

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पावसाचा हिशेब मिलिमीटरपर्यंत लागला. मिठी नदीकाठच्या झोपडपट्ट्यांतून काय काय वाहून गेले, याचा हिशेब मात्र आजही कुणी पुरा मांडलेला नाही. पूर कुठल्याही शहरात येवो, हेच घडते.

सरकारी पंचनामा घर पाहतो. भिंत पडली का, छप्पर गेले का, एवढेच त्याला दिसते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत झोपडीसाठी ८,००० रुपये, कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये ठरले. कपडे-भांड्यांची मदतही केव्हा? तर घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्याखाली राहिले तर! शहरातले पाणी अनेकदा काही तासांत ओसरते. पण तेवढ्यात धान्य, गाद्या, टीव्ही, सारे सडून जाते. ही अट शिथिल करायची तर वेगळा आदेश निघावा लागतो.

शिलाई मशीनची जळालेली मोटर, हातगाडीवरचा माल, भंगारवाल्याचा भिजलेला पुठ्ठा, नाक्यावरच्या मजुराची आठ दिवसांची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? भाडेकरूकडे करारनामा नसतो, म्हणून चिखल त्याने उपसायचा आणि पंचनाम्यात नाव मालकाचे लागायचे. सर्वात मोठे नुकसान तर कागदांचे. जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र भिजले की पोराची शिष्यवृत्ती अडते, प्रवेश अडतो. एका पिढीचे शिक्षण पाण्यात जाते आणि पंचनाम्यात त्याची एक ओळही नसते.

पूर ओसरल्यावर गटारात कोण उतरते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ऑगस्ट २००५ मध्ये मुंबईत लेप्टोची साथ पसरली. म्हणूनच गमबूट, हातमोजे, प्रतिबंधक गोळ्या आणि कंत्राटी सफाई कामगारांची तपासणी हा पुनर्वसनाच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्ये उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठीच्या मदतीचा उल्लेख आहे. कलम ६१ तर मदत देताना जात, लिंग, धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. कायदा आपल्या बाजूने आहे. पण ज्या नुकसानीची नोंदच झाली नाही, त्याबाबतचा अन्याय सिद्ध कसा करणार?

म्हणून आमचे सांगणे आहे, की तलाठ्याची वाट पाहू नका. पाणी ओसरताच विहारात टेबल मांडा. वस्तीतल्या शिकल्या-सवरल्या तरुणांनी घरोघर जाऊन यादी करावी. त्यात भाडेकरू, एकट्या बाया, बुडालेला रोजगार, हरवलेली कागदपत्रे यांचे वेगळे रकाने असावेत. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो काढा. यादी तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या. सरकारी पंचनाम्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बोला. दाखल्यांच्या दुसऱ्या प्रतीसाठी वस्तीतच मोफत शिबिर लावा, अशी मागणी करा.

मदत ही भीक नाही, हक्क आहे. मात्र ज्याची नोंद नाही त्याचा हक्क फायलीत बुडतो. आपली नोंद आता आपणच करू या!