सुरी चेहऱ्यावर, जखम मनात

लग्नाच्या जाहिराती वाचून पाहा. 'गोरी, सडपातळ, सुंदर वधू पाहिजे.' शिक्षण, नोकरी, स्वभाव हे सारे त्यानंतर. १९७५ पासून घरोघरी गेलेल्या एका क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये काढला गेला. लोकांच्या डोक्यातून तो निघाला काय? वर्णव्यवस्थेने माणसाची किंमत जन्मावरून ठरवली, बाजार ती कातडीवरून ठरवतो. मग वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या एखाद्या मुलीला आरशासमोर स्वतःचीच लाज वाटली, तर दोष कुणाचा?

क्रीमने भागले नाही की ऑपरेशन आठवते. नाक सरळ करा, चरबी काढा, केस लावा. प्लास्टिक सर्जरी वाईट नाही. भाजलेल्यांना, ॲसिडहल्ल्यातल्या भगिनींना तिने पुन्हा उभे केले आहे. प्रश्न आहे तो ज्यांचे दुखणे नाकात नसून मनात आहे त्यांचा.

२००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने एक अभ्यास छापला. सौंदर्यासाठी स्तनरोपण केलेल्या ३,५२१ स्वीडिश स्त्रियांत सुमारे ५ आत्महत्या अपेक्षित होत्या; प्रत्यक्षात १५ झाल्या. ऑपरेशनने जीव घेतला, असा याचा अर्थ नव्हे. मनाचे दुखणे आधीपासूनच असू शकते, आणि सुरी तिथवर पोहोचत नाही.

'बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर' नावाचा एक मनोविकार आहे. इतरांना दिसतही नाही असे व्यंग रुग्णाच्या डोक्यात दिवसभर घोळत राहते. तो वारंवार आरसा पाहतो, तोंड लपवतो, माणसांत जाणे टाळतो. अशा रुग्णाला ऑपरेशनने सहसा समाधान मिळत नाही. नाक झाले की हनुवटी खुपू लागते. समुपदेशन आणि औषधोपचाराने मात्र आराम पडू शकतो.

ऑपरेशनपूर्वी रक्तदाब तपासतात, साखर तपासतात. मग मन का तपासू नये? सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील मोठी रुग्णालये आपल्याच तालुक्यात आहेत, तिथे मनोविकारतज्ज्ञही आहेत. आत्महत्या म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क दिला आहे. तो मागून घ्यावा लागेल.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना राहणीमान बदलायला सांगितले. जातीची ओळख पटवणारे दागिने टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, असे ते म्हणाले. त्यांनी गुलामीची खूण टाकायला सांगितली, अंगाचा रंग नव्हे! तो बदल स्वाभिमानासाठी होता. आजचा बदल दुसऱ्याच्या पसंतीसाठी आहे. हा फरक आपल्या लेकींना कोण सांगणार?

बंधूंनो, भगिनींनो, घरात कुणाला 'काळी', 'जाडी' म्हणून चिडवू नका. कुणी आरशापुढे झुरत असेल, जगणे नको म्हणत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा, ऐकून घ्या, डॉक्टरकडे न्या. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. चेहरा बदलण्याआधी चेहऱ्याकडे पाहणारी नजर बदलू या.